मूत्रपिंड-रोपण : शस्त्रक्रियेपुढचा प्रश्न

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली मूत्रपिंड-रोपणासाठी मिळणाऱ्या साहाय्याची मर्यादा राज्य शासनाने जुलै २०२३ मध्ये अडीच लाख रुपयांवरून साडेचार लाख रुपयांवर नेली. त्यापूर्वीच, २०१६ साली, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया सुरू झाली होती. आज तेथील एम्समध्येही ती होते. ज्या शस्त्रक्रियेसाठी विदर्भातील सामान्य कुटुंबाला एके काळी मुंबई वा वेल्लोरची वाट धरावी लागे, ती आता भंडाऱ्याहून साठ-बासष्ट किलोमीटरवर होऊ शकते. ही प्रगती लहान नाही आणि तिचे स्वागत झाले ते योग्यच झाले.

परंतु या स्वागताच्या मागे एक समजूत दडलेली आहे व ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे. मूत्रपिंड-रोपण ही एक घटना आहे. ती शस्त्रक्रियागृहात घडते आणि रुग्ण घरी परतला की संपते, अशी ती समजूत. योजनांचे आकडे तिच्यावरच बेतलेले असतात, वर्तमानपत्रांतील छायाचित्रे तिलाच दुजोरा देतात, आणि तुमसर, पवनी वा लाखांदूर येथील ज्या घरातून आईने वा पत्नीने आपले मूत्रपिंड दिलेले असते त्या घरालाही तसेच वाटत असते. शरीरशास्त्र मात्र काही वेगळेच सांगते. परक्याचे मूत्रपिंड स्वीकारायचे की नाकारायचे हा प्रश्न शरीर एकदा विचारून थांबत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक वर्षे त्याची सुरुवात झालेली असू शकते, आणि शस्त्रक्रियेनंतर तो रोज विचारला जातो. हे ध्यानी घेतले तर भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात आरोग्यव्यवस्थेने काय करावयास हवे याचा विचारच निराळ्या दिशेने करावा लागतो.

आपले आणि परके

परक्याचे ऊतक शरीर का नाकारते, याचा पहिला पद्धतशीर शोध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागला. भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची कातडी लावण्याचे प्रयत्न चालू असताना पीटर मेडावार आणि थॉमस गिब्सन यांना १९४३ मध्ये ग्लासगो येथे असे आढळले की, एकाच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्या खेपेपेक्षा लवकर गळून पडते. याचा अर्थ स्पष्ट होता. शरीराला पहिल्या भेटीची आठवण राहिली होती, आणि नकार हा त्याच आठवण ठेवणाऱ्या प्रतिकारशक्तीचा होता. या दिशेने पुढे केलेल्या कार्याबद्दल मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंड-रोपणाचे पहिले चिरस्थायी यश मिळविले, ते एकरूप जुळ्या भावांमध्ये. दोघांच्या पेशींवरील ओळखीच्या खुणा एकच असल्याने प्रतिकारशक्तीला परके असे काही दिसलेच नाही. रक्तवाहिन्या जोडण्याचे शल्यकौशल्य माणसाने हस्तगत केले आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण ज्यांना एकरूप जुळा भाऊ नाही त्या सर्वांच्या बाबतीत खरा अडथळा सुईदोऱ्यापलीकडचा आहे, हेही त्याच दिवशी उघड झाले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९७१ साली यशस्वी रोपण केले तेव्हा तेथील डॉक्टरांनाही शस्त्रक्रियेइतकीच झुंज या नकाराशी द्यावी लागत होती.

ओळखीच्या या खुणांना एचएलए म्हणतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एका जुडग्यात असतात. प्रत्येक मूल अर्धी जुडी आईकडून आणि अर्धी वडिलांकडून घेते. म्हणून आईचे मूत्रपिंड मुलाला निम्मे जुळते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याचीही चारात एक, आणि निम्मी जुळणी होण्याची दोनात एक. पती-पत्नींमध्ये जुळणी झाली तर ती योगायोगानेच. रक्तगट जमला की सारे जमले असे मानणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब कोणीतरी शांतपणे समजावून सांगावयास हवा.

तीन टप्प्यांचा आदेश

नकाराचा निर्णय शरीर कसा घेते, हे गेल्या पन्नास वर्षांतील संशोधनाने पुष्कळच उलगडले आहे. कोषागारातून रक्कम निघण्यासाठी देयकाची पडताळणी, त्याला मंजुरी आणि मग प्रत्यक्ष अदायगी असे टप्पे असतात. एक टप्पा अडला की पैसा निघत नाही. प्रतिकारशक्तीतील टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा कारभार बराचसा असाच चालतो.

प्रथम धोक्याची सूचना मिळते. दात्याच्या शरीरातून काढलेले मूत्रपिंड काही काळ रक्ताविना राहते आणि नंतर पुन्हा रक्त मिळू लागताच त्याच्या काही पेशी दुखावतात. दुखावलेल्या पेशींतून बाहेर पडणारी द्रव्ये शरीराच्या आद्य संरक्षणयंत्रणेला जागे करतात. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी असलेले ग्राहक-रेणू या द्रव्यांनाही प्रतिसाद देतात, आणि पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हा संदेशवाहक दाह निर्माण करणारी जनुके चालू करतो. या गडबडीत डेंड्रायटिक पेशी, म्हणजे परक्या खुणा गोळा करून दाखविणाऱ्या पेशी, मूत्रपिंडातून निघून जवळच्या लसिकाग्रंथींत पोचतात.

तेथे पडताळणी होते. टी-पेशीवरील ग्राहक परकी खूण ओळखतो व पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण वाढते. त्यामुळे कॅल्सिन्युरिन हे विकर जागृत होते; ते एनफॅट नावाच्या प्रथिनाला मोकळे करते, आणि ते प्रथिन पेशीकेंद्रात शिरून इंटरल्यूकिन-२ या द्रव्याचे जनुक वाचू लागते. हा पहिला संदेश. पण एवढ्याने भागत नाही. दाखविणाऱ्या पेशीवरील दुसऱ्या एका रेणूने टी-पेशीवरील सीडी-२८ या रेणूला स्पर्श करून मंजुरी द्यावी लागते. ही मंजुरी मिळाली नाही तर टी-पेशी निष्क्रिय होऊन बसते. हा दुसरा संदेश. तिसरा संदेश इंटरल्यूकिन-२ स्वतः देते. ते पेशीवरील आपल्या ग्राहकाला चिकटले की जॅक आणि एम-टॉर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मार्गांनी विभाजनाचा हुकूम सुटतो, आणि एका पेशीच्या हजारो पेशी होऊन त्या मूत्रपिंडावर चालून जातात.

नकार रोखणाऱ्या औषधांचा इतिहास म्हणजे या एकेका टप्प्यावर अडसर घालण्याचा इतिहास होय. अझाथायोप्रिन हे १९६० च्या दशकातील औषध पेशींना विभाजनासाठी लागणारा कच्चा माल तोडते. आज त्याची जागा बहुतांशी मायकोफेनोलेटने घेतली आहे. स्टेरॉइडे दाहाची सारी यंत्रणाच सरसकट दाबतात. नॉर्वेतील पठारावरच्या मातीतील एका बुरशीपासून स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत सायक्लोस्पोरिन हाती आले आणि १९८० च्या दशकात त्याने रोपणाचे चित्रच पालटले. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतून १९८४ मध्ये मिळालेले टॅक्रोलिमस आज सर्वाधिक वापरले जाते. ही दोन्ही औषधे कॅल्सिन्युरिनला अडवून पहिला संदेश तोडतात. ईस्टर बेटाच्या मातीतून निघालेले सिरोलिमस तिसऱ्या संदेशाच्या वाटेवरील एम-टॉर अडविते. त्याच्या संशोधनात सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. दुसरा संदेश अडविणारे बेलाटासेप्ट २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणतेही औषध शरीराला परके मूत्रपिंड आपले मानावयास शिकवीत नाही. ते फक्त आदेश अडवून ठेवते. परकी खूण जागेवरच असते, ती ओळखणाऱ्या पेशीही शरीरात असतात, आणि रक्तातील औषधाचे प्रमाण उतरले की अडविलेले देयक पुन्हा पुढे सरकू लागते. शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाली म्हणून शरीर विसरले, असे सहसा होत नाही.

दुसरी वाट : प्रतिपिंडांची

टी-पेशींची ही वाट बहुतेक वेळा औषधांनी रोखता येते. दुसरी वाट अधिक दुर्घट आहे. शरीराने पूर्वी कधी परक्या एचएलए खुणा पाहिलेल्या असतील, तर त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे रक्तात असू शकतात. रोपण होताच ती नव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, रक्तातील पूरक प्रथिनांची साखळी पेटते, आणि काही तासांत, कधी काही मिनिटांतही, मूत्रपिंड काळेनिळे पडते. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी हे निःसंशय दाखवून दिले. दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आधीच आढळली होती अशा ३० रोपणांपैकी २४ तात्काळ फसली होती. ज्यांत ती आढळली नव्हती अशा १९५ पैकी केवळ ८ फसली. तेव्हापासून ‘क्रॉसमॅच’ चाचणीविना रोपण करू नये हा नियम झाला.

परक्या खुणा शरीर पूर्वी कोठे पाहते? तीन ठिकाणी : आधीच्या रोपणात, गर्भारपणात आणि बाहेरून घेतलेल्या रक्तात. यांपैकी शेवटच्या दोहोंचा भंडारा जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे.

पूर्व विदर्भ हा सिकलसेल या रक्तविकाराचा प्रदेश आहे. नागपूर परिसरातील या विकाराची नोंद १९५८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झाली होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील कुटुंबांना त्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. या विकारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून त्याचीही हानी करतात. म्हणजे ज्याला पुढेमागे मूत्रपिंडाची गरज भासू शकते अशाच रुग्णाला लहानपणापासून वारंवार रक्त द्यावे लागते. आणि प्रत्येक बाटलीतील दात्याच्या पांढऱ्या पेशी त्याच्या शरीराला परक्या खुणांचा परिचय करून देतात. डायलिसिसवरील रुग्णांचेही काही प्रमाणात तसेच होते. मूत्रपिंड निकामी झाले की तांबड्या पेशी बनविण्याची चेतना देणारे एरिथ्रोपोएटिन शरीरात कमी पडते. ते इंजेक्शनाने देता येते. पण इंजेक्शन वेळेवर मिळाले नाही की रक्त चढविले जाते. रक्त देणे तेथे अनेकदा अपरिहार्य असते आणि जीव वाचविण्यासाठी ते दिलेच पाहिजे. पण जेथे टाळता येते तेथे ते टाळणे, आणि जेथे टाळता येत नाही तेथे पांढऱ्या पेशी गाळून घेतलेले रक्त देणे, यामुळे हा धोका कमी होतो. भंडाऱ्याच्या वॉर्डात आज घेतलेला एक साधा निर्णय काही वर्षांनी नागपुरातील दार उघडू किंवा बंद करू शकतो, ते असे.

गर्भारपणाची गोष्ट याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. गर्भातील मुलाच्या निम्म्या खुणा पित्याच्या असतात. म्हणून अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रीच्या रक्तात पतीच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे असण्याचा संभव असतो, आणि पतीने मूत्रपिंड देऊ केले तरी क्रॉसमॅच आडवा येऊ शकतो. उलट पत्नीचे मूत्रपिंड पतीला देताना ही अडचण नसते. निसर्गाच्या या विषमतेवर समाजाने आपली विषमता चढविली आहे. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्या ५६ हजार ५०९ दात्यांपैकी ३६ हजार ३८ स्त्रिया होत्या. अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुषांचीच संख्या खूप मोठी होती. देणारी बाई आणि घेणारा पुरुष हे चित्र केवळ पेशींनी काढलेले नाही. तरीही स्त्रीला दाता मिळणे जैविक दृष्ट्याही कठीण असते, हे ध्यानात घेऊन मेंदूमृत दात्यांच्या अवयवांची व्यवस्था बळकट करणे हाच तिच्यासाठी न्यायाचा मार्ग ठरतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो मार्ग खुला केला; पण २०२३ मध्ये देशात झालेल्या १३ हजारांहून अधिक मूत्रपिंड-रोपणांपैकी मृत दात्यांकडून आलेली मूत्रपिंडे साधारण आठात एक एवढीच होती.

घरी परतल्यानंतर

नकाराची सर्वांत मोठी कपटबाजी अशी की तो बहुधा दुखत नाही. बसविलेल्या मूत्रपिंडाला वेदना कळविणारे मज्जातंतू जोडलेले नसतात. रक्तातील क्रिएटिनिन वाढले की शंका येते. पण ते वाढेपर्यंत बरीच हानी होऊन गेलेली असते. म्हणून रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाण ठरावीक अंतराने मोजावे लागते. हे प्रमाण जास्त झाले तर औषधच मूत्रपिंडाला विषवत होते, कमी झाले तर नकार जागा होतो. दोहोंमधली पट्टी अरुंद आहे.

ही पट्टी सांभाळण्याचे काम शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाच्या हातून निसटून गावच्या डॉक्टरच्या, औषधविक्रेत्याच्या आणि स्वतः रुग्णाच्या हाती आलेले असते. येथेच खरा धोका आहे. क्षयरोगाचे उदाहरण घ्यावे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाला क्षय होण्याचा संभव अधिक आणि आपल्याकडे क्षयाचा प्रादुर्भावही अधिक. क्षयाच्या उपचारात रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध. ते यकृत व आतड्यातील विकरांना इतके चेतविते की टॅक्रोलिमस झपाट्याने नष्ट होते. मात्रा अनेक पटींनी वाढविली नाही तर रुग्ण दोन्ही गोळ्या नियमाने घेत असताही त्याचे मूत्रपिंड नाकारले जाते. उलट बुरशीवरील फ्लुकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक दिले तर टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढून विषबाधा होते. रोवणीच्या दिवसांत पाठ भरून आली म्हणून दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळीसुद्धा अशा मूत्रपिंडाला इजा करू शकते. यांपैकी कोणीही निष्काळजी असतोच असे नाही. क्षयाचे औषध देणारा आपले काम चोख करीत असतो. पण समोरच्या माणसाच्या शरीरात कोणता आदेश कशाने अडवून धरला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणि औषध कमी झाल्यास काय होते, याचा दाखला प्रगत देशांतील उत्तमोत्तम रुग्णालयांतूनही मिळतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे एका स्त्रीला दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड बसविण्यात आले. ते १३० दिवस चालले. तोपर्यंतचा तो विक्रम होता. पुढे तिला संसर्ग झाला, म्हणून नकाररोधक औषधे कमी करावी लागली. त्यानंतर शरीराने मूत्रपिंड नाकारले आणि एप्रिल २०२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. जगातील सारे साधनसामर्थ्य हाताशी असताना हा समतोल इतका नाजूक ठरतो. मग साकोलीच्या आतल्या गावातून एका रक्ततपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून नागपूर गाठणाऱ्या माणसाकडून तो एकट्याने सांभाळला जाईल, ही अपेक्षाच अवास्तव म्हणावी लागेल.

चुकलेला हिशेब

या बाबतीत अमेरिकेची चूक बोधप्रद आहे. तेथील सरकारने १९७२ च्या कायद्याने निकामी मूत्रपिंडाच्या रुग्णांचा डायलिसिसचा आणि रोपणाचा खर्च उचलला. परंतु रोपणानंतर, वृद्ध वा अपंग नसलेल्या रुग्णांसाठी, औषधांचे साहाय्य ३६ महिन्यांनी थांबत असे. जणू तीन वर्षांत शरीराची समजूत पटते! औषध न परवडल्याने अनेकांची मूत्रपिंडे गेली, आणि तेच रुग्ण पुन्हा डायलिसिसवर आले की सरकार कितीतरी अधिक खर्च विनातक्रार करी. ही विसंगती दूर करणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून औषधांची ती मुदत उठली. श्रीमंत राष्ट्राला साधा हिशेब कळावयास अशी काही दशके लागली.

आपल्याकडे ती चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. तमिळनाडूने शासकीय व्यवस्थेतून रोपण झालेल्या गरीब रुग्णांना नकाररोधक औषधे कायम मोफत देण्याची पद्धत पाडली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमातही दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला अशा औषधांसाठी दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. प्रश्न आहे तो ही तरतूद गावापर्यंत खंड न पडता पोचविण्याचा. शरीराचा नकार आर्थिक वर्ष संपण्याची वा अनुदान येण्याची वाट पाहत नाही.

भंडारा जिल्ह्यात काय करता येईल, हे फार अवघड नाही. जिल्हा रुग्णालयात रोपण झालेल्या प्रत्येक रुग्णाची नोंदवही असावी आणि त्याची दरमहाची औषधे तेथूनच, शक्यतो एकाच उत्पादनाची, मिळावीत. कारण कंपनी बदलली की रक्तातील प्रमाणही बदलू शकते. रक्ताचा नमुना भंडाऱ्यात घेऊन नागपूरला पाठवावा. माणसाने जावयाची जरुरी नाही, नळी गेली तरी पुरे. क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाची नोंद करताना ‘रोपण झाले आहे काय?’ हा एक प्रश्न असावा आणि उत्तर होकारार्थी असल्यास पहिली गोळी देण्यापूर्वी नागपूरच्या तज्ज्ञांशी बोलणे बंधनकारक करावे. सिकलसेलच्या आणि डायलिसिसच्या रुग्णांना रक्त देताना पुढील रोपणाचा विचार नोंदविला जावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भंडाऱ्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. रोपण करण्याची क्षमता यावयास त्याला काळ लागेल. रोपण टिकविण्याचे हे काम मात्र त्याला आजच हाती घेता येईल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्यात साध्या प्रसूतीच्या व बालआरोग्याच्या सोयीही अपुऱ्या आहेत तेथे मूठभर रोपणरुग्णांसाठी इतका खटाटोप का? उत्तर असे की, हा खर्च नवा नाही. तो आधीच झालेल्या खर्चाचे रक्षण आहे. शासनाचे साडेचार लाख खर्ची पडलेले असतात, एका निरोगी माणसाच्या शरीरातून एक अवयव काढलेला असतो, आणि तो काही पुन्हा काढता येत नाही. नाकारले गेलेले मूत्रपिंड आपल्यामागे प्रतिपिंडे ठेवून जाते, म्हणून दुसरा दाता मिळालाच तरी दुसरे रोपण पहिल्याहून कठीण होते. मग उरते ते आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, म्हणजे पुन्हा शासनाचाच खर्च आणि कुटुंबाची संपलेली कमाई. शिवाय औषधाची नोंदवही, नमुन्यांची ने-आण आणि दोन कार्यक्रमांमधला संवाद या गोष्टी एकदा उभ्या राहिल्या की मधुमेहापासून सिकलसेलपर्यंत प्रत्येक दीर्घकालीन रुग्णाला त्यांचा उपयोग होईल.

एक दिवस शरीराला परके मूत्रपिंड खरोखरच आपलेसे करावयास शिकविता येईल, अशा आशेने जगभर संशोधन चालू आहे. त्याला यश येईल तेव्हा येवो. तोपर्यंत तीन टप्प्यांचा तो आदेश रोज अडवून धरणे एवढेच माणसाच्या हाती आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याला पऱ्हे रोवले म्हणजे पीक आले असे कधी वाटत नाही; रोवणीनंतर बांधीत पाणी राहते की नाही, हे तो रोज जाऊन पाहतो. मूत्रपिंडाच्या रोपणाला शासनाने आणि समाजाने तेवढीच साधी शेतकरी-बुद्धी लावावी. शस्त्रक्रियेसाठी निधी देणाऱ्या हाताने गोळीचीही हमी दिली, तरच त्या आईचे वा पत्नीचे देणे सार्थकी लागेल.